बुद्धभूषणचा माईक

आमच्या गल्लीतला बुद्धभूषण कांबळे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीवर कामाला आहे. तिथं ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. त्यामुळं त्यानं घरात चहा मागितला की शेजारी आधण ठेवतात. असा आवाज बघून बाळासो साउंडवाल्यांनी त्याच्या हाती माईक दिला. काम एवढंच, की मिरवणुकीत "पांढरी गाडी बाजूला घ्या" म्हणायचं.

पण मागं ठेका चालू असताना बुद्धभूषणला नुसतं बोलणं जमेना. गाडीवाल्यांना तो यमक जुळवून हटवू लागला. लोक गाडी हलवायची सोडून टाळ्या वाजवू लागले. त्याच्या लेकीनं, अनुजानं, मोबाईलवर इंग्लंडचा एक रेगे गाणारा दाखवला. तोही आमच्यासारख्याच स्पीकर-बॉक्सच्या भिंतीपुढं उभा राहून ठेक्यावर बोलत गात होता. बुद्धभूषण हळूच, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाला, "ह्यो बी फौंड्रीतलाच दिसतोय."

बाळासोंना हे गाणं-बिणं पटत नव्हतं. यंदाच्या भीमजयंतीला त्यांनी रोखठोक सांगितलं, "आज गर्दी टिकली तर माईक तुझा. न्हायतर फुडच्या वर्षी रेकॉर्डिंग लावतो."

आणि मिरवणुकीत नेमकी चौकात कागलच्या साउंडवाल्यांची भिंत समोर आली, आमच्या दुप्पट. समोरासमोर आलेल्या भिंतींनी पाळीपाळीनं वाजवायचं, ही रीत. कागलच्या पहिल्याच दणक्यात आमची पोरं तिकडं गेली. आमची पाळी आली तसा बाळासोंनी आवाज वाढवायला हात नेला. बुद्धभूषणनं तो धरला.

"मालक, सगळं बंद करा. नुसती ढोलकी ठेवा."

"आरं, डोकं ठिकाणावर हाय का?"

"ठेवा की."

ढोलकी लागली आणि बुद्धभूषण सुटला.

"पावण्यांची भिंत उंच, मान बघून दुखली की,
बाबांच्या लेखणीनं आमची शालन बी शिकली की!"

शालन म्हणजे त्याची बायको. लग्नानंतर पंधरा वर्षांनी बारावी झालेली, आणि आत्ता समोरच उभी. ती पदरात तोंड लपवून हसली. बायकांनी मात्र ओळ उचलली.

"प्रीती?" बुद्धभूषणनं गल्लीतली एकेक पोरगी घेत विचारलं.

"शिकली की!"

"चिमणाबाईची नात?"

"शिकली की!"

गेलेली पोरं परत आली, येताना कागलची घेऊन आली. कागलची पाळी आली तेव्हा त्यांचा ऑपरेटर बटणं सोडून हात वर करून "शिकली की" म्हणत होता.

शेवटी कागलचे मालक स्वतः चालत आले. "पावणं, आमच्या भिंतीवर येता काय?"

बाळासोंनी घाईघाईनं माईक बुद्धभूषणच्या मुठीत कोंबला. "त्यो आमचा गायक हाय."

गायक! बाळासोंच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच आला. बुद्धभूषण दोघांकडं बघून म्हणाला, "येतो की कागलला. पण भिंत बाळासोंचीच आणणार."

हे तो माईक बंद करून बोलला. तरी सगळ्या चौकाला ऐकू गेलं.