ओढ्याअलीकडचे राजे

हुमनाबादच्या बाजारात बियाणं घेत उभा होतो, तिथं गावच्या गाडीवानानं सांगितलं, "दादा, राजे सकाळी वारले." या गोष्टीला महिना होत आला. तेव्हा रडू आलं नाही, रागच आला... इतकी वर्षं या माणसाला गावाबाहेर पडू दिलं नाही, आणि शेवटी गेला तोही गावातच.

राजे म्हणजे केसरीसिंह, उत्तरेकडच्या एका बुडालेल्या गादीचे वारस. आजोबांचं राज्य इंग्रजांनी घेतलं आणि नातवाला निजामाच्या मुलखात, आमच्या खटकचिंचोळीत, नजरबंद ठेवलं. राजा येणार म्हणून बायकांनी रांगोळ्या घातल्या होत्या, पोरं हत्तीची वाट बघत होती. बैलगाडीतून उतरला एक किडकिडीत तरुण, गाडी लागून हिरवापिवळा झालेला. परसाकडं कुठं जायचं, एवढंच त्यानं विचारलं. आणि तिकडंही दोन शिपाई त्याच्या मागं गेले!

माझ्या वडिलांना, अप्पांना, ते बघवलं नाही. अप्पा गावचे पाटील. हुमनाबादला जाऊन पोलीस अमीनसाहेबांना म्हणाले, "पहारा उठवा. हा माणूस शिवेवरचा ओढा वलांडणार न्हाई. वलांडला तर त्याच्या जागी मला कोंडा." पाटलाचा शब्द म्हणून पहारा उठला. त्या दिवशी आमच्याकडं पुरणपोळी झाली, राजांनीही चापून खाल्ली. आम्हाला वाटलं, सुटले बिचारे.

मग राजे आमच्यातलेच झाले. हुरड्याला बसायचे, आमच्यासारखंच 'कामून' आणि 'न्हाई' बोलायचे, राजेपणावरून चिडवलं तर हसायचे. दसऱ्याला मात्र सगळं गाव ओढ्यापलीकडं सीमोल्लंघनाला जायचं आणि गावात एकच खरा राजा, तो अलीकडं उभा राहायचा. परतल्यावर आम्ही त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवायचो... ती घेताना ते कुणाकडं बघायचे नाहीत.

तिकडं त्यांची आई वारल्याचा निरोप आला, तेव्हा जायची परवानगी मागितली. उत्तरच आलं नाही. राजे तडक ओढ्याकडं निघाले, मी मागोमाग. पाणी घोट्याएवढं, आसपास चिटपाखरू नाही. मध्यावर जाऊन ते थांबले.

"जा राजे," मी म्हणालो. "अप्पाचं मी बघतो."

"पहारा असता तर कवाच पळालो असतो, दादा. शिपायाला चकवता येतंय. अप्पाला कसं चकवू?"

मागं फिरले, आणि ओढ्याकाठीच मिशा उतरवून आईचा पिंड ठेवला.

हे मी अप्पांना सांगितलं. शब्द मागं घ्यावा तर पुन्हा पहारा, न घ्यावा तर हे असं. इकडे आड, तिकडे विहीर. आपण मायेनं या माणसाला बांधून घातलं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं, आणि माझ्याही.

राजे गेल्यावर तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या. त्याच दिवशी अमीनसाहेबांचा निरोप आला, पाटील जामिनातून मोकळे. मांजरा नदीत सोडायला न्यावं म्हणून मी अस्थींचं गाठोडं उचलणार, तोच अप्पांनी ते छातीशी धरलं. ऐंशीच्या घरातला माणूस, काठीशिवाय चालत नाही, पण माझा हात झिडकारून ओढ्यात उतरले. मध्यावर त्यांचे पाय थबकले. दिलेला शब्द कधी न मोडलेले माझे वडील चोरासारखे कुजबुजले, "मागं बघ रं... कुणी बघायलंय का?"

"कुणी न्हाई, अप्पा."

अप्पा गाठोड्यावर वाकले. म्हणाले, "चला राजे... पळा."