वाल सोलायला मीरा रोडला

मागच्या खेपेला हरिहरेश्वरला जाऊन आले तेव्हा शेवटी एक गोष्ट बजावून सांगितली होती. काय सांगितली होती? बघा, नाही ना आठवत. गाडी लागणाऱ्याने पुढच्या सीटवर बसावं आणि खाली मान घालून मोबाइल बघू नये, एवढंच होतं. मला अक्षर येत नाही, म्हणून जे काही आहे ते डोक्यात ठेवावं लागतं. तुम्ही सगळं लिहून ठेवता आणि निर्धास्तपणे विसरता. म्हणून या वेळचं सांगणं अगदी शेवटी ठेवलंय. मध्येच पळायचं नाही. मी बोलतेय, माझी नात मीनल टाइप करतेय. तिने मनाचं काही घुसडलं तर पकडली जाते, कारण सगळं झाल्यावर मी तिच्याकडून वाचून घेते.

तर झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा, प्रकाशचा, मीरा रोडहून फोन आला. "मावशी, आईला पेणला घेऊन जा. कायमची. इथे तिचं काही खरं नाही." चार महिन्यांपूर्वी भरदुपारी बिल्डिंगच्या गेटासमोर मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी माझ्या बहिणीच्या, यमूच्या गळ्यातली माळ खेचली होती. लागलं फारसं नाही. पण त्या दिवसापासून बाई चौथ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. देवळात नाही, बाजारात नाही. प्रकाश आणि त्याची बायको स्मिता दिवसभर नोकरीला. यमू दाराला कडी लावून, त्यावर जाळीचं दार लावून आत बसलेली.

मी म्हटलं, आणते. तिच्यासाठी पिशवीभर कडवे वाल घेतले, मीनलला घेतलं आणि शुक्रवारी सकाळी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पेणहून एस.टी.ने ठाणं, आणि ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याने मीरा रोडची बस. मुंबईत शिरून गर्दीत चेंगरण्यापेक्षा हे बरं. ठाण्याला डेपोबाहेर वडापाव खा, आत खाऊ नका. बाहेरचा गरम असतो. बसमध्ये उजव्या बाजूची खिडकी धरा. गायमुखच्या पुढे खाडी दिसते, डावीकडे जंगल, आणि चेणे गावापाशी अजून भाताची खाचरं आहेत. रस्ता मात्र आता एवढा रुंद झालाय की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. मी मागे आले होते तेव्हा याच रस्त्यावर समोरून ट्रक आला की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या आईबापाची चौकशी करायचे.

हायवेला बस चहासाठी थांबली. चहावाल्याला विचारलं, "काय हो, मीरा रोडला चोऱ्या फार होतात का?" तो म्हणाला, "इथे नाय आजी. तिकडे आत, नया नगरला." मीरा रोड स्टेशनला उतरून रिक्षा केली, तर रिक्षावाला नेमका नया नगरचा निघाला. त्याला तेच विचारलं. तो हसायला लागला. "अम्मा, हमारे यहाँ तो आधी रात तक दुकान खुली रहती है, चोर आएगा तो चाय पिला के भेजेंगे. चोर सब भाईंदर से आता है." संध्याकाळी प्रकाशला विचारलं, तर तो म्हणाला, हायवेच्या पलीकडून येतात. म्हणजे चहावाल्याकडून. एवढ्या मोठ्या गावात चोर आहेत, पण राहतात कुठे ते कुणालाच माहीत नाही. ते कायम शेजारच्या वस्तीत असतात.

त्याआधी आम्ही चुकलो, ते सांगायचं राहिलं. मला पाटी वाचता येत नाही, पण आजवर कधी रस्ता चुकले नव्हते. यमूची बिल्डिंग म्हणजे जिच्या गेटापाशी जनाबाई भाजी घेऊन बसते ती. जवळच्या मोरवा गावची आगरी बाई, कपाळाला मोठं कुंकू, समोर माठाच्या जुड्या, लाल भोपळ्याची फोड आणि केळफूल. पण रिक्षा सरळ पुढे गेली, परत फिरली, पुन्हा गेली. सगळ्या बिल्डिंगी पिवळ्या, सगळ्यांना तसंच गेट. जनाबाई कुठेच नाही.

"आजी, तू पत्ता आणला नाहीस?" मीनलने विचारलं.

"पत्ता उठून गेलाय," मी म्हटलं.

शेवटी प्रकाशला फोन लावावा लागला. गेटवर वॉचमनने वही पुढे केली. अंगठा द्यायला गेले तर म्हणे शाई नाही.

यमूने दार उघडलं. आधी जाळीतून बघितलं, मग साखळी काढली, मग कडी. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण माझी मोठी बहीण दिसायला लागली होती. तिची बॅग भरून कोपऱ्यात तयार. प्रकाशनेच भरली असावी, कारण वरती स्वेटर होता. पेणला स्वेटर!

"अक्का, तू आलीस ते बरं झालं," ती म्हणाली आणि चहाला उठली. पेणला यायचं की नाही याबद्दल चकार शब्द नाही. कुणी तिला विचारलंच नव्हतं, त्यात मीही आले.

हे घर तिने आणि तिच्या नवऱ्याने परळची खोली विकून घेतलं होतं. तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. पाणी तर दिवसाआडसुद्धा नाही, टँकर आला की दोघं कळशा घेऊन चार मजले चढायची. आता मिठागराच्या जागी टॉवर, नळाला पाणी, खाली गुळगुळीत रस्ता आणि लाल फरशीचा फुटपाथ. जे हवं होतं ते सगळं आलं, आणि ते आल्यावर ही निघाली.

रात्री मी वाल भिजत घातले. सगळेच्या सगळे.

"अगं, लग्न आहे का कुणाचं?" यमू किंचाळली. चार महिन्यांत तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता म्हणे.

"म्हातारीला अंदाज राहिला नाही," मी म्हटलं. अंदाज चांगला होता.

शनिवारी सकाळी वाल उपसून फडक्यात बांधले आणि मी मीनलला घेऊन जनाबाईला शोधायला बाहेर पडले. यमूला चल म्हटलं नाही. नव्या रस्त्याने चालत गेलो. रस्ता खरंच चांगला आहे, उगीच नावं ठेवणार नाही. पूर्वी इथे पावसाळ्यात चप्पल हातात धरून चालावं लागायचं. पण दुपारच्या सुमारास त्या रस्त्यावर माणूस नाही. गाड्या जातात, माणूस नाही. सावलीला उभं राहावं तर झाड नाही, टेकावं तर कट्टा नाही.

जनाबाई सापडली मच्छीबाजाराच्या मागे, गटाराच्या कडेला. मला बघून उठलीच.

"आवो बाय! पेनवाली! तुमची बहीन कशी हाय? कवाची दिसली न्हाय."

"तू उठून गेलीस, मग ती तरी कशी दिसणार?"

"मी कशाला उठतंय? उठवली आमाला. रस्ता मोठा केला, मंग मुन्शिपाल्टीची गाडी आली, टोपल्या उचलून नेल्या." मग जरा थांबून म्हणाली, "रस्ता झाला तो बरा झाला. माजा नातू त्याच रस्त्याने बसने कालेजात जातंय. खोटं कशाला बोलू? पन आमी कुटं बसाचा, ता कुनी सांगला न्हाय."

तिला यमूच्या माळेचं विचारलं. तिला माहीत होतं. तिला उठवल्यावर पंधरा दिवसांनी झालं ते. "मी असती ना, तर त्या पोराच्या टकुऱ्यात भोपला घातला असता," ती म्हणाली, आणि मला ते दिसलंच. तिने मला दोन जुड्या माठ दिला. पैसे घेईना, तर मीनलने टोपलीत टाकले आणि पळाली.

दुपारी जेवताना मी यमूला जनाबाईचा निरोप सांगितला, भोपळ्यासकट. ती हसली आणि मग हसता हसता थांबली.

"अक्का, माळ गेली त्याचं नाही गं मला काही."

मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा समोरच्याला बोलावंच लागतं.

"मी ओरडले. खूप ओरडले. एवढी वर्षं राहते इथे, सगळ्यांच्या बारशाला गेलेय. एक खिडकी उघडली नाही. वॉचमनसुद्धा जेवायला गेला होता. मी रस्त्यावर बसून राहिले आणि वर बघत होते. प्रकाशला वाटतं मी चोराला घाबरते."

मीनलने टाइप करणं थांबवलंय, म्हणून मीही इथे पाणी पिते.

रविवारी सकाळी वालांना छान मोड आले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून सोडवायचा, तेव्हा बिरडं होतं. एकटीने सोलायला बसलं तर कंबर मोडते आणि वाल संपत नाहीत. मी मोठं पातेलं उचललं, मीनलच्या हातात चटई दिली.

"कुठे निघालीस?" यमू म्हणाली.

"खाली. इथे उजेड नाही."

"ट्यूब लाव की!"

"ट्यूबच्या उजेडात वाल काळे दिसतात."

असं काही नसतं. पण ती माझी बहीण आहे, मी मोठी आहे.

बिल्डिंगखाली गाड्या लावतात तिथे, जिन्याशेजारी, पूर्वी सिमेंटचा बाक होता. तिथे पोरं बसतात म्हणून सोसायटीने तो काढून टाकलाय. त्याच जागेवर चटई टाकली आणि बसले. पाचच मिनिटांत सेक्रेटरी आले. गुजराती गृहस्थ, सभ्य, हातात पेपर.

"माजी, इथे बसायचा नाय. मीटिंगमधी ठराव झालाय. कोण पण येऊन बसते, मग चोरी होते."

"बाक होता तेव्हा चोरी झाली होती का हो?"

ते विचारात पडले. "नाय. पण चान्स होता."

"मग आम्ही बसतो. जागा भरली की चोराला चान्स राहणार नाही."

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांची आई ओरडली, "शुं छे ए? वाल छे?" वाल त्यांच्याकडेही करतात. बा कठडा धरून धरून खाली आली आणि सरळ चटईवर बसली. सेक्रेटरी पेपर उघडून दोन पावलं लांब उभे राहिले. बारीक लक्ष होतं, म्हणजे आम्हाला पहारेकरीही मिळाला.

यमूचा पत्ता नव्हता. मी वर बघत नव्हते, पण बा बघत होती, आणि तिनेच मला कोपराने ढोसलं. यमू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, कठडा घट्ट धरून.

"अक्का, किती जाड बोटांनी सोलतेस. अर्धा दाणा मोडतेयस," ती म्हणाली. आणि बसली.

मग दोघी-तिघी आणखी आल्या. रविवार होता, नवरे घरात होते, बायकांना निमित्त हवंच असतं. बोलणं नेहमीचं: पाणी किती वाजता येतं, मॉलमध्ये कांदे स्वस्त आहेत की नाहीत, निवडणुकीआधीच गटारं कशी साफ होतात, पोलीस चौकी इथे हवी की नाक्यावर. प्रत्येकीचं मत वेगळं आणि प्रत्येकीचं ठाम. बाक काढला ते बरोबर, असं म्हणणारीही त्यात होती, आणि ती चटईवरच बसली होती.

दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण सूनही आली होती. बँकेत नोकरी करते. हातातला वाल तसाच धरून ती एकदम म्हणाली, "काकू, त्या दिवशी मी घरी होते. सुट्टी होती माझी. मी ऐकलं होतं."

सगळ्यांचे हात थांबले.

"मला वाटलं टीव्ही चालू आहे कुणाकडे. त्या वेळी मालिका असते ना, त्यात कुणी ना कुणी ओरडतच असतं. खिडकी बंद होती, मी आवाज कमी व्हायची वाट बघत होते. मग झाला कमी." तिचे डोळे भरले. "तुम्हाला सांगायला वर यायचं होतं. चार महिने झाले, दारापर्यंत येऊन परत गेले."

मला वाटलं आता यमू उठते आणि चार मजले चढून कडी लावते. तिने पातेल्यातून ओंजळभर वाल काढले आणि त्या पोरीच्या ओढणीत ओतले.

"घे," म्हणाली. "एवढे सोल. खिडकी उघडी ठेवत जा."

मला तेव्हाच कळलं की मी रिकाम्या हाताने परत जाणार.

त्या दिवशी बिरडं पाच घरांत गेलं. प्रकाशला मी सांगितलं, बॅग उघड आणि स्वेटर जागेवर ठेव. तो चिडला. "मावशी, पुन्हा काही झालं तर?" त्याचं चुकत नाही. पुन्हा होऊ शकतं, ते मोटरसायकलवाले काही माझे वाल खाऊन सुधारलेले नाहीत. पण आईला विचार म्हटलं, आणि त्याने विचारलं. ती म्हणाली, "मी इथेच राहते."

सोमवारी निघालो. सगळं गोड झालं असं समजू नका. बाक परत आलेला नाही, सेक्रेटरी म्हणतात पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. जनाबाई अजून गटाराच्या कडेलाच बसते. यमू आठवड्यातून दोनदा स्मिताला घेऊन तिथवर भाजीला जाते, एकटी अजून जात नाही. पण परवा मी फोन केला तर स्मिता म्हणाली, "आई घरात नाहीत, खाली आहेत." असा निरोप ऐकून एवढा आनंद झालेली मी पहिलीच बाई असेन. इथे पेणला माझ्या ओटीवर बसले की येणारा-जाणारा विचारतो, काय आजी, जेवलात का, आणि मला त्याचा वैताग यायचा. आता येत नाही. आलाच तर आवरते.

तर आता ते शेवटचं, लक्षात ठेवायचं. तुमच्यापैकी कुणी मीरा रोडला जाणार असेल तर आधी मीनलला कळवा, यमूसाठी खाऊ न्यायचा आहे. मिठाई नको, तिला साखर आहे. चिवडा नको, तो दार लावून खाता येतो. कडवे वाल न्या, पेणचे, पिशवीभर. एकटीपुरते नकोत. आणि कितीही दया आली तरी सोलून नेऊ नका.