गुरुवारचा तास

ओवी, निहार,

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांना ते असताना सांगितली नाही, तुमच्या बाबाला नाही, आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवी होती त्या तुमच्या आईला तर नाहीच.

ओवी, तू शाळेत माझ्यावर निबंध वाचलास त्याचा व्हिडिओ बाबाने पाठवला. ‘माझी आजी त्रेसष्टाव्या वर्षी जर्मन शिकली, कारण तिला आमच्याशी आमच्या भाषेत बोलायचं होतं.’ छान वाचलंस. मी तो शेजारच्या दोन घरांत दाखवलाही. मग घरी येऊन बसले आणि वाटलं, आता पुरे. मी जर्मन शिकले हे खरं. कारण मात्र ते नव्हतं.

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मला सोपं गेलं असतं – चौतीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. पण इंग्रजीत मी फार सफाईने खोटं बोलते. ते पुढे कळेलच.

सध्या माझ्या पडवीत दर गुरुवारी दुपारी पाच मुली येतात. नर्सिंग झालेल्या, तुमच्या जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत आणि इस्पितळांत कामाला जायच्या तयारीत. माझी पद्धत ठरलेली आहे. घरातल्या डब्यांवर, कपाटांवर, नळावर जर्मन नावांच्या चिठ्ठ्या. रोज एक नवं वाक्य, आणि ते माणसाला म्हणायचं, भिंतीला नाही. तिथे पोचलात की बेकरीत गर्दी नसेल तेव्हा जायचं आणि एक प्रश्न जास्त विचारायचा. बसस्टॉपवर, बागेत कान उघडे ठेवायचे. म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं – त्यांना वेळ असतो, ती सावकाश बोलतात. आणि या एका तासात इंग्रजी अजिबात नाही. कुणी अडखळली तरी वाक्य पूर्ण होईपर्यंत मी चूक काढत नाही.

मिरकरवाड्याची एक मुलगी परवा म्हणाली, “बाई, तुमच्यापेक्षा जर्मन लोक बरे असतील हो.” मी म्हटलं, “हेच जर्मनमध्ये सांग.” तिने सांगितलं. चार चुका केल्या, पण सांगितलं.

सगळ्या म्हणतात, बाईंची पद्धत उत्तम. आहेच उत्तम. फक्त ती माझी नाही. ती तुमच्या आईची आणि केलरबाईंची.

केलरबाई तुम्हाला आठवणं शक्य नाही. ओवी, तू तेव्हा दीड वर्षांची होतीस आणि निहार, तू नव्हतासच. तुम्ही तेव्हा जुन्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहत होतात, आणि केलरबाई खालच्या मजल्यावर. एकट्या, सत्तरीच्या, ऑफिसातून निवृत्त झालेल्या. इंग्रजी चांगलं होतं त्यांचं. ओवीला सांभाळायला मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. तुमची आई – वैशाली – इथे शिकलेली नर्स, पण तिथे भाषेची परीक्षा होईपर्यंत वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबत होती. म्हाताऱ्यांना उचलायचं, आंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या. इंजेक्शनला हात लावायची परवानगी नाही. परीक्षा पास झाली की ती पुन्हा नर्स होणार होती.

दर गुरुवारी केलरबाई तासभर वर यायच्या. स्वयंपाकघरात दोघी उभ्या. वैशाली आंबोळ्या घालायची, बाई ताटली धरून उभ्या राहायच्या, आणि इंग्रजीला बंदी. वैशालीचं जर्मन तेव्हा कसं होतं? मोडकं. सावर्ड्याच्या मराठी शाळेतली मुलगी, इंग्रजी बोलतानाही अडखळायची. पण त्या स्वयंपाकघरात ती घाबरायची नाही. हातवारे करायची, तव्याकडे बोट दाखवायची, चुकायची, हसायची. बाईही हसायच्या.

आणि मी? मी बाहेरच्या खोलीत ओवीला मांडीवर घेऊन बसलेली. एम. ए., बी. एड. गावात पत्र लिहायचं असो, अर्ज असो, लोक माझ्याकडे यायचे. आणि त्या घरात मीच एक अशी, जिला काही कळत नव्हतं.

एकदा दोघी फारच हसल्या. मी दारात जाऊन विचारलं, “काय झालं गं एवढं?”

“काही नाही हो आई, सांगून मजा नाही यायची त्यात,” वैशाली म्हणाली. सहज म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं – हे मला तेव्हाही कळत होतं. मग ते इतकं का लागलं? अकरा वर्षं मी स्वतःला हे विचारते आहे. उत्तर साधंच आहे, फक्त देखणं नाही. सून माझ्यापेक्षा कमी शिकलेली आहे, या गोष्टीवर मी आरामात टेकून बसले होते.

पुढच्या गुरुवारी वैशालीची बस चुकली. केलरबाई वेळेवर आल्या. मी दार उघडलं, आणि दारातच, अगदी शुद्ध इंग्रजीत सांगितलं – वैशाली ड्यूटी करून फार दमते, तिला या तासाचा त्रास होतो, पण तुम्हाला सांगायचा तिला संकोच वाटतो. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. माझे आभार मानले त्यांनी. आभार! मी म्हटलं, काही हरकत नाही.

अर्ध्या तासाने वैशाली धापा टाकत आली. “बाई आल्या होत्या का?”

“आल्या होत्या. म्हणाल्या, यापुढे जमणार नाही.”

“माझं काही चुकलं का हो आई?”

इथे मला थांबता आलं असतं. मी म्हटलं, “कंटाळल्या असतील. तू अडखळत तेच तेच बोलतेस, समोरच्याने किती वेळ ऐकायचं?”

बघा, किती सोयीचं होतं. एकीशी इंग्रजीत बोलायचं, दुसरीशी मराठीत. दोघींना जोडणारी भाषा अजून कच्ची होती, आणि ती पक्की होण्याआधीच मी तोडली. त्यानंतर जिन्यात भेटल्या की दोघी मान हलवून बाजूला व्हायच्या. प्रत्येकीला वाटायचं, दुसरीला आपला त्रास नको.

माझ्या निघण्याच्या आठवड्यात केलरबाईंनी मला जिन्यात गाठलं आणि घडी घातलेला कागद दिला. वैशालीसाठी. सोप्या जर्मनमध्ये लिहिलंय, तिला वाचता येईल, म्हणाल्या. मी तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. आणि तो माझ्याबरोबर रत्नागिरीला आला. मी विसरले नव्हते. मी कधीच काही विसरत नाही, माझ्या फाइली तुम्ही पाहिल्या आहेत.

दोन महिन्यांनी परीक्षा झाली. लेखी उत्तम. तोंडी नापास. फोनवर वैशाली मला म्हणाली, “आई, वाक्य तयार असतं हो. पण समोरचा कंटाळलाय असं वाटतं आणि तोंडच उघडत नाही.” माझे शब्द ती मलाच सांगत होती, आणि ते माझे आहेत हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी म्हटलं, “होईल, धीर धर.” आणखी एक वर्ष तिने चादरी बदलल्या. निहार, तू पोटात होतास तेव्हाही. केलरबाई तोवर मुलाच्या गावी राहायला गेल्या होत्या.

मग मी क्लास लावला. पुण्याचा, संगणकावरचा. सगळे म्हणाले, नातवंडांसाठी शिकतेय. मला तो कागद वाचायचा होता. दुसऱ्या कुणाला दाखवायची सोय नव्हती, आणि बाईंचं जुन्या वळणाचं अक्षर फोनवरच्या भाषांतराला लागत नव्हतं. आठ महिने लागले. त्यात लिहिलंय –

‘प्रिय वैशाली, तुम्ही दमता हे मला आधीच समजायला हवं होतं. क्षमा करा. तुमचं बोलणं मला फार आवडायचं. दिवसभरात माझ्याशी दुसरं कुणी बोलत नाही. वाटेल तेव्हा खाली या, गुरुवारच पाहिजे असं नाही. मी इंग्रजी बोलणार नाही.’

तुमची आई दुसऱ्या खेपेला पास झाली, हे तुम्हाला माहीत आहे. आज ती वॉर्ड सांभाळते. पण निहार, तू मागे हसत हसत सांगितलंस, की शाळेत बाईंना भेटायला जायच्या आधी आई आरशासमोर उभी राहून सगळी वाक्यं म्हणून बघते, आणि बेकरीत बाबालाच पुढे करते. “इतकं छान बोलते, तरी घाबरते. आई वेडीच आहे,” म्हणालास. मीही तुझ्याबरोबर हसले.

आई वेडी नाही. ती घाबरते, कारण तिला एका माणसाने सांगितलं होतं की तिचं बोलणं ऐकवत नाही. ते माणूस मी.

या पत्राच्या पाकिटातच दुसरं छोटं पाकीट आहे. त्यात केलरबाईंचा कागद आहे. मूळ कागद, प्रत नाही. त्यावर तुमच्या आईचं नाव आहे. आधी तिला तिचा कागद द्या, मग हे पत्र.

– आजी