मध्यंतरानंतरची गोष्ट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही – आणि तिला तर मी माझी दाढ दुखली तरी सारखं सांगत असतो.

घाटंजीत मला सिनेमातला जाणकार समजतात. नवा चित्रपट लागला की टपरीवर पोरं विचारतात, ‘काका, कसा आहे?’ मी चष्मा पुसतो आणि निकाल देतो. जुन्या चित्रपटांत माणसं एकमेकांचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायची. आताचा नायक बोलतच नाही, दाढी वाढवून नुसता चालत येतो – तोही हळूहळू. पण आताच्या नायिका तोंडावर उत्तर देतात, ते मला फार आवडतं. जुन्या नायिका जरा जास्तच रडायच्या. गाणं मात्र जुनंच.

मतं माझीच आहेत. फक्त – कसं सांगू? – जुन्या चित्रपटांबद्दलची मतं अर्ध्या चित्रपटाची आहेत.

तरुणपणी मी यवतमाळला कापडाच्या दुकानात होतो. दुकानातून सुटलो की सहाचा खेळ. पण मध्यंतर झालं की घाटंजीची शेवटची एसटी निघायची! मग काय – नायिका संकटात आणि मी बसस्टँडकडे धावत. उत्तरार्ध मी एसटीच्या खिडकीत बसून स्वतःच रचायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

घरी वहिनी वाट पाहायच्या. माझी आई त्यांना टॉकीजला जाऊ देत नसे. भाकरी थापता थापता त्या विचारायच्या, ‘मंग काय झालं, भाऊजी?’ एका चित्रपटात सासूच्या जाचानं नायिका बोटीत बसून निघून जाते – तिथं मध्यंतर. वहिनींनी थापणं थांबवलं. ‘सासू नमते का शेवटी?’

मी म्हणालो, नमते. काठावर येऊन हात जोडते. बोट परत येते.

कबुली एवढीच असती तर हसून सोडून दिलं असतं. पण ती एवढीच नाही.

यंदा उन्हाळ्यात पुतण्या प्रमोदनं आईला, म्हणजे वहिनींना, तोच चित्रपट मोबाइलवर लावून दिला. घरातले सगळे जमले. मीही उत्तरार्ध पहिल्यांदाच पाहत होतो – आणि काय उत्तरार्ध! जुना चित्रपट मध्यंतरानंतर खरा सुरू होतो, हे मला पंच्याहत्तरीत कळलं. बोट काही परत आली नाही.

वहिनी उसळल्या. ‘शेवट कोनं कापला? सासू हात जोडते ना! भाऊजी, सांगा ना याइले!’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गावातला जाणकार ना मी! मी चष्मा पुसला. म्हणालो, ‘मले तं असं काही आठवत नाही, वहिनी.’

प्रमोद हसला. पण मग त्याला काळजी वाटू लागली. आईला भ्रम होतोय म्हणून तो तिला यवतमाळला डॉक्टरांकडे घेऊन गेला. आता वहिनींना गॅसजवळ एकटं जाऊ देत नाहीत. भाजीत मीठ घातलं की त्या सुनेला विचारतात, ‘टाकलं का वं मी?’ परवा मलाच म्हणाल्या, ‘मीच भुलली असंन, भाऊजी.’ मी चहाचा घोट घेतला. त्याच चहात साखर अगदी बरोबर होती, आणि तो सुनेला शेजारी उभं करून का होईना, त्यांनीच केला होता.

असं का केलं? टपरीवरचा मान जाईल म्हणून. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

प्रमोद, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. सासू हात जोडते, ते मी रचलं होतं. तुझी आई काहीही विसरलेली नाही. मी जे सांगितलं ते तिला शब्दन्शब्द आठवतं. आणि मलाही आठवतं – त्या दिवशीही आठवत होतं.