बोरझरी कुठं पळून जात नाही

चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून इनायत मुलाणीचं गॅरेज होतं. ट्रकचं इंजिन खोलण्यात त्याचा हात धरणारा त्या टापूत दुसरा कोणी नव्हता. गॅरेजच्या आतल्या भिंतीवर, दारात उभं राहिलं की नजर जाईल अशा उंचीवर, दोन दणकट लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, या खुंट्या कशाला?" इनायत म्हणायचा, "सांबराची शिंगं टांगायला." मग गिऱ्हाईक शिंगं शोधायला लागायचं, आणि खुंट्यांवर तर ट्रकच्या फाटक्या ट्यूबा लोंबत असायच्या. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. इनायतचा बाप रहिमान खडकीला एका साहेबाची मोटार चालवायचा. साहेब शिकारीला निघाला की रहिमानने बंदुका पुसायच्या, मोटार हाकायची, जनावर पडलं की सुरी घेऊन धावायचं, आणि परत आल्यावर शिंगं घासूनपुसून बंगल्याच्या भिंतीवर चढवायची. सगळं करायचं, फक्त गोळी झाडायची नाही. म्हातारपणी त्याने कशीबशी एक बारा बोरची बंदूक परवान्यासकट मिळवली आणि दोन वर्षांत तो गेला. बंदूक इनायतकडे आली, आणि तिच्याबरोबर ती शिंगांची हावही आली. पुढे इनायतने परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि त्याच आठवड्यात खुंट्या ठोकल्या.

कोंडीरामची आणि त्याची गाठ चौसष्ट साली पडली. कोंडीराम पिंपरीच्या एका फौंड्रीत साचे भरायच्या कामावर होता. मूळचा चांदा जिल्ह्यातला, जंगलाला खेटून असलेल्या बोरझरी गावचा. गॅरेजशेजारच्या हॉटेलात चहा पिताना त्याने इनायतने टेबलावर ठेवलेली बंदूक पाहिली आणि विचारलं, "नळी इतकी कोरडी काऊन ठेवली गा? तेल दे थोडं." तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच. सुट्टीच्या दिवशी दोघं सायकलवरून चाकणच्या माळाला जायचे. कोंडीराम पुढे, इनायत मागे. ससा मिळो, तितर मिळो, नाही तर नुसतीच पायपीट होवो. परत आल्यावर कोंडीरामची बायको कस्तुरा चुलीवर रस्सा चढवायची. ती देहूरोडची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ.

अशाच एका रविवारी माळावर बसून कोंडीरामने आपलं गाव का सुटलं ते सांगितलं. त्यांच्याकडे वाटाड्या ही मोठी मानाची गोष्ट. बंदूकवाल्यांच्या पुढे चालतो तो वाटाड्या. कोंडीराम विशीत वाटाड्या झाला, आणि एकदा ढोल बडवत जनावरं उठवायच्या हाक्यात जखमी डुक्कर अंगावर आलं तेव्हा पळाला. मागे त्याचा भाऊ धोंडीबा होता. डुकराने धोंडीबाची मांडी फाडली. भाऊ वाचला, पण पाय आखडला तो आखडलाच. कोंडीरामने त्याच आठवड्यात गाव सोडलं. मनाशी गाठ मारली की पुन्हा त्या गावात पाऊल टाकीन ते बंदुकीच्या पुढे चालतच टाकीन, आणि दारादारात शिकारीचा वाटा ठेवीन, तेव्हाच आईला तोंड दाखवीन. आई, गिरजाबाई, तिकडेच होती. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर तो तिला लुगडं पाठवायचा, आणि बंदूकवाला मिळाला की येतो असा निरोप; स्वतः जात नव्हता.

इनायत म्हणाला, "एवढंच ना? बंदूक माझी, पुढं चालणारा तू. काढू शिकारीचा परवाना."

आता परवान्याचंही एक शास्त्र होतं. वनखात्याने जंगलाचे तुकडे पाडून त्यांचे ब्लॉक केले होते. एका ब्लॉकात हंगामाला मोजक्याच बंदुका. आधी मान जिल्ह्यातल्या लोकांचा. त्यातून एखाददुसरी जागा उरली तर तिच्यासाठी पुण्या-मुंबईच्या माणसांनी अर्ज करायचा, आणि अर्ज जास्त झाले की चिठ्ठ्या उचलायच्या. अर्जात एकच ब्लॉक लिहायचा. बोरझरीचा ब्लॉक मागणारं कुणी नव्हतं. तिथे डुकरं, भेकरं, फार तर एखादं लहानसं सांबर. मागेल त्याला मिळायचा. पण ओढ्यापलीकडे वाघडोहाचा ब्लॉक लागत होता. तिथल्या सांबरांच्या शिंगांच्या गोष्टी मुंबईच्या शिकाऱ्यांपर्यंत पोचलेल्या. त्या एका जागेवर सगळ्यांच्या उड्या.

पहिल्या वर्षी इनायतने विचारलं, "कोंडीराम, कुठलं रान लिहू?"

कोंडीरामने मान खाली घातली. "मी कसा सांगू गा? वाटाड्यानं रान मांगू नये. मांगून घेतलेलं रान फळत नाही. बंदूकवाल्यानं म्हनावं, वाटाड्यानं चालावं."

त्यांच्याकडची रीतच तशी होती, आणि एकदा वाटाड्याची रीत मोडून तो पळाला तर भावाचा पाय गेलेला. दुसऱ्यांदा मोडायची त्याची छाती नव्हती. इनायतला कळत नव्हतं असं नाही. पण समोरचा तोंडाने मागत नाही म्हटल्यावर आपल्या मनातलं लिहिणं किती सोपं होतं. त्याने वाघडोह लिहिलं. चिठ्ठीत नाव आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वाघडोह. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वेळी नकाराचं कार्ड आलं की तो कोंडीरामच्या पाठीवर थाप मारायचा. "पुढच्या साली बघ. वाघडोह मिळालं तर जाताना तुझ्या गावावरूनच जाऊ. आणि नाहीच मिळालं तर बोरझरी आहेच की. बोरझरी कुठं पळून जात नाही."

"हाओ," कोंडीराम म्हणायचा. तो हसायचासुद्धा. त्या हसण्याचा इनायतने आपल्या सोयीचा अर्थ काढला.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात कोंडीरामचा खोकला बसेना. फौंड्रीतली धूळ छातीत बसली होती. शिफ्ट संपवून घरी येताना वाटेत तो बसायला लागला. हंगाम तोंडावर आला आणि एक दिवस कस्तुरा डोक्यावरचा पदर सावरत गॅरेजात आली. इनायत ट्रकखाली होता. ती तिथेच उभी राहून बोलली.

"इनायतभाऊ, ह्या साली बोरझरी लिवा. त्यो न्हाई मागायचा. मी काय वाटाडी न्हाई, मी मागते. त्याला आई बघायचीय."

इनायत ट्रकखालून बाहेर आला. त्याला खरोखर लाज वाटली. "लिहितो, वहिनी. अल्लाची शपथ, बोरझरीच लिहितो."

आणि तो बोरझरी लिहायलाच पुण्याला गेला होता. वनखात्याच्या कचेरीत नानासाहेब म्हणून एक कारकून होते, दरवर्षी भेटून ओळखीचे झालेले. ते म्हणाले, "काय मिस्त्री, वाघडोह ना? यंदा तुमचं जमतंय बघा. लढाईची हवा आहे, मुंबईवाले कुणी फिरकलेच नाहीत. बाहेरचा अर्ज आतापर्यंत एकच आलाय."

इनायत तिथेच घुटमळला. एकच अर्ज. म्हणजे निम्मी जागा आपलीच. बोरझरी काय, पुढच्या सालीही मिळेल, मागेल तेव्हा मिळेल. अशी संधी पुन्हा येते का? कस्तुराचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि बापाचाही आला, बंगल्याच्या भिंतीपाशी स्टुलावर उभा राहून दुसऱ्याची शिंगं पुसणारा. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं असं नाही. रोज दहा जणांना तो स्वतःच ते ऐकवायचा. तरी त्याने वाघडोह लिहिलं.

कार्ड आलं. चिठ्ठी त्या दुसऱ्या माणसाची निघाली होती.

कस्तुराला सांगायला तो गेला तेव्हा कोंडीराम खाटेवर बसला होता. इनायत काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "असू दे गा. रान बंदूकवाल्याचंच." त्या दिवशी कस्तुराने चहा दिला नाही, आणि इनायतने तो मागितलाही नाही.

पुढच्या सालासाठी त्याने अर्ज आधीच लिहून ठेवला होता, बोरझरीचा. पण शिकारबंदीचा नवा कायदा आला. नानासाहेबांनी खिडकीतूनच मान हलवली. ब्लॉक बंद, परवाने बंद. "मिस्त्री, आता वाघडोह विसरा." इनायत म्हणाला, "वाघडोह नको साहेब, बोरझरी द्या." नानासाहेबांना वाटलं, माणूस थट्टा करतोय.

त्यानंतर इनायत कोंडीरामच्या हातापाया पडला. बंदुकीशिवाय चल, एसटीने जाऊ, मी पोचवतो. कोंडीराम ऐकेना. "रिकाम्या हातानं धोंडीबाच्या दारात कसा उभा राहू?" एवढंच तो म्हणायचा. चौऱ्याहत्तरच्या थंडीत तो गेला. इनायतने खांदा दिला आणि घाटावर सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

महिन्याभराने तो एकटाच बोरझरीला निघाला. शेवटच्या बाजाराच्या गावी त्याने एक बोकड घेतला आणि दोरी धरून जंगलातली वाट विचारत विचारत गावात शिरला. कोंडीराम गेल्याची बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. वेशीवर एक लंगडा माणूस आला, त्याने काही न विचारता दोरी हातात घेतली. तो धोंडीबा. इनायतने बिस्मिल्ला म्हणून बोकड कापला आणि पानांवर वाटे घालून दारादारात ठेवले. कोंडीरामने जे करायचं ठरवलं होतं, ते त्याने क्रमाने केलं. धोंडीबा बरोबर लंगडत होता. शेवटी म्हणाला, "डुकरापुढं कोन थांबते गा? मी असतो तर मीबी पळालो असतो. हे समोर बसवून सांगाले तोच कधी भेटला नाही."

गिरजाबाई ओट्यावर बसली होती. वाळून काठी झालेली, पण नजर शाबूत. अंगावर कोंडीरामने पाठवलेलं लुगडं होतं. इनायतने तिच्यापुढे वाटा ठेवला आणि खाली मातीत बसला. तिने सगळं विचारून घेतलं. तो काय खायचा, बायको कशी आहे, खोकला कधी लागला. मग म्हणाली, "बंदूक तुही होती ना बाबू?"

"माझीच."

"मंग रान तूच मांगत असशील. इतके साल कोन्तं रान मांगत होता?"

इनायतला खोटं बोलता आलं असतं. ओट्यावरून ओढ्यापलीकडची झाडी दिसत होती, दाट, काळसर, डोंगरापर्यंत गेलेली. त्याने तिकडे बोट केलं. "वाघडोह."

म्हातारीने तिकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता; असता तर इनायतला सोसलं असतं.

"तिथलं सांबर मोठं रायते म्हन्तेत खरं," ती म्हणाली. "मले वाटे, कोंड्याले बंदूकवालाच भेटला नसन."