एकाहत्तराव्या पानावरचा गोल

मालिकेचा दुसरा भाग संपतो तिथे एक दरवाजा अर्धवट उघडतो, आणि लेखक आपल्याला तिथेच उभं करून निघून जातो. मी त्या दरवाजात तीन वर्षं उभी होते. तिसरा भाग आता येणार, आता येणार अशी बातमी यायची आणि पाठोपाठ तारीख पुढे गेल्याची. मधल्या काळात या गृहस्थाने मुलाखती दिल्या, भाषणं केली, बागेत उभं राहून फोटो काढून घेतले. एवढ्या सगळ्याला वेळ होता, फक्त लिहायला नव्हता. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि दर शनिवारी तो राग मी लायब्ररीत नेऊन ओतायचे.

लायब्ररी म्हणजे बिबवेवाडीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. पुढे मासिकं, मध्ये मराठी कादंबऱ्या आणि मागे, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे, इंग्रजी पुस्तकांची दोन कपाटं. राजे, शाप, तलवारी, उडते प्राणी हा सगळा माल सर्वांत खालच्या कप्प्यात. तो बघायचा तर फरशीवर बसावं लागे.

"काका, तिसरा भाग आला का?"

"लेखक आमचा सभासद नाही," लायब्ररीचे मालक रजिस्टरमधून मान वर न करता म्हणायचे. "असता तर घरी माणूस पाठवला असता."

"मग तोवर मी वाचायचं काय?"

"पुस्तकं आहेत की. ती वाचायलाच ठेवली आहेत, असं मी तरी समजतो."

आता हे हसण्यावारी नेता येतं. तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी अमरावतीहून आलेली, मराठी शाळेत शिकलेली मुलगी. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. इकडे पहिल्याच महिन्यात परदेशी क्लायंटच्या फोनवर मी एक वाक्य बोलले आणि टेबलाभोवतीचे चौघे खाली बघून हसले. टीम लीडने नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "यू जस्ट टेक नोट्स, ओके? कॉलवर आम्ही बोलतो." काम माझं, कोड माझा, आणि बोलणार ते. त्या संध्याकाळी मी लायब्ररीचं सभासदत्व घेतलं. इंग्रजी शिकायचं तर जाडजूड पुस्तकातूनच, असं मी दात-ओठ खाऊन ठरवलं होतं. या कादंबऱ्या निवडल्या कारण त्या सर्वांत जाड होत्या. आणि त्यातल्या राज्यात कुणीच राहिलेलं नसतं, तेव्हा तिथे सगळेच परके, एवढंही तेव्हा पुरेसं होतं.

पण जाड पुस्तकांत टाकाऊ पुस्तकंही फार. मधल्या तीन वर्षांत चांगली कशी शोधायची, हे मला कुणी सांगत नव्हतं. मालकांनी त्यातलं एकही उघडलेलं नव्हतं. ऑफिसात विचारलं असतं तर पुन्हा चौघे हसले असते.

रस्ता सापडला तो खुणांमुळे. अशा लायब्ररीत जुने वाचक पुस्तकात खूण करून ठेवतात. वाचलेलं पुस्तक विसरून पुन्हा घरी न्यायला नको, म्हणून प्रत्येकाचं एक पान ठरलेलं असतं. कुणाची अकराव्या पानावर फुली, कुणाचं तिसाव्यावर टिंब. मालकांना या प्रकाराची चीड होती. 'पुस्तके वाचण्यासाठी आहेत, गिरवण्यासाठी नाहीत' अशी पाटी त्यांनी टांगली होती आणि तिच्याच खाली बसून लोक गिरवायचे.

खालच्या कप्प्यातल्या बऱ्याच पुस्तकांत एकाहत्तराव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला छोटा गोल होता. काही गोलांच्या आत टिंब होतं. टिंबवालं पुस्तक हमखास चांगलं निघायचं, नुसत्या गोलाचं यथातथा. हे लक्षात आल्यावर मी दुसरं काही बघायचंच सोडलं. फरशीवर बसायचं, पान एकाहत्तर उघडायचं, टिंब असलं की उचलायचं. तीन वर्षांत त्या माणसाने मला एकदाही फसवलं नाही. असं मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणू शकत नाही.

शिवाय तो शब्दांचे अर्थ लिहायचा. अवघड शब्दाच्या वर, मुंगीएवढ्या मराठी अक्षरात. 'स्कॅबर्ड'वर 'म्यान'. 'प्रॉफसी'वर 'भाकीत'. आमच्या मालिकेच्या दुसऱ्या भागात एक सरदार राजाला 'इन्सोलंट' म्हणतो, त्यावर लिहिलं होतं 'उर्मट', आणि पुढे कंसात, 'मोठा माणूस लहानाला म्हणतो'. त्या पुस्तकात ते उलटं होतं म्हणून त्याने बहुधा मुद्दाम टीप दिली असावी. मी ते सगळे शब्द वहीत उतरवून पाठ करायचे. दोन वर्षांनी मी कॉलवर बोलायला लागले तेव्हा कुणी खाली बघून हसलं नाही.

हा माणूस कोण असेल, याचं चित्र मी पक्कं केलं होतं. निवृत्त प्राध्यापक, पांढरा झब्बा, सोनेरी काड्यांचा चष्मा, आरामखुर्ची. कधीतरी भेटलेच तर वाकून नमस्कार करायचा, असंही ठरवलं होतं. एकदा मी मालकांना नाव विचारलं.

"एका सभासदाचं नाव दुसऱ्याला सांगायची पद्धत नाही आमच्याकडे. उद्या तुमचं सांगितलेलं चालेल?"

आणि शेवटी तिसरा भाग आला. शुक्रवारी संध्याकाळी लायब्ररीच्या काचेवर यादी लागली, त्यात नाव होतं. एकच प्रत. शनिवारी दोन्ही वेळा लायब्ररी बंद राहणार, कार्य होतं मालकांकडे. रविवारची सुट्टी ठरलेलीच. सोमवारी सकाळी आठला उघडणार, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावर माझी कंपनीची बस. त्यात सोमवारी साडेनऊला मोठा कॉल, पहिल्यांदाच मी एकटी बोलणार होते. म्हणून ठरवलं, पुस्तक संध्याकाळी घ्यायचं. तीन वर्षं थांबले, दहा तासांनी काय होतंय.

सोमवारी बस आलीच नाही. आठ दहा. आठ पंधरा. आठ वीस. आमचा थांबा पहिला, त्यामुळे बसवाला एरवी पाच मिनिटं आधीच येऊन उभा असायचा. आठ बावीसला तो रस्ता ओलांडून चालत आला, गाडी पलीकडे झाडाखाली लावलेली. हातात प्लास्टिकची पिशवी, आणि चेहऱ्यावर हसू. मला त्या हसण्याचाच राग आला.

"ही वेळ आहे का यायची?"

"थोडं काम व्हतं मॅडम. पोचवतो की येळंत."

"हसताय काय? आमच्या नोकऱ्या जातात तुमच्यामुळे!"

त्याने हसू आवरलं, पिशवी सीटमागे जपून ठेवली आणि गाडी काढली. येळंत काही पोचलो नाही. वाकडला सगळी वाहतूक तुंबलेली होती. साडेनऊचा कॉल माझ्याशिवाय झाला. माझ्या जागी टीम लीड बोलला, आणि मी धापा टाकत आत शिरले तेव्हा म्हणाला, "इट्स ओके, तू नोट्स घे."

मी जागेवर बसले आणि वाहतूक विभागाला ई-मेल लिहिली. माझ्या आयुष्यातलं तोवरचं सर्वांत चांगलं इंग्रजी त्या मेलमध्ये होतं. एकही चूक नाही, प्रत्येक शब्द निवडून. ड्रायव्हर बेजबाबदार आहे, त्याला वेळेची पर्वा नाही, आणि जाब विचारला तर तो 'इन्सोलंट' आहे. तो शब्द लिहिताना मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. तक्रारीला नंबर मिळाला. बुधवारपासून बसवर दुसरा माणूस आला. मी त्याच्याकडेही पाहिलं नाही.

त्याच सोमवारी संध्याकाळी धावत लायब्ररीत गेले होते.

"गेला तिसरा भाग," मालक म्हणाले. "सकाळीच. मला यायला आज वीस मिनिटं उशीर झाला, तर एक सभासद शटरपाशी उभे. मी कुलूप काढेपर्यंत दहा वेळा घड्याळ बघितलं त्यांनी."

कोण ते विचारायची गरज नव्हती. प्राध्यापक! त्यांच्यावरही मी चिडले. रिकामा माणूस, दिवसभर आरामखुर्चीत बसणारा, त्याला सकाळी आठची घाई कसली?

आठच दिवसांत पुस्तक परत आलं. मी घरी नेऊन वाचायला बसले, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत सुखात होते. मुंगीएवढी अक्षरं सोबत होती. एकशे चौदाव्या पानावर 'होस्टेज'च्या डोक्यावर 'ओलीस' लिहिलेलं होतं, आणि त्यानंतर काही नाही. पान उलटत गेले. पुढची पाचशे पानं कोरी. एकाहत्तरावं पान उघडलं. तिथे गोलही नव्हता. त्याने पुस्तक पूर्ण केलंच नव्हतं.

मला त्याचाही राग आला. तीन वर्षं थांबून कुणी एकशे चौदाव्या पानावर सोडतं का? पुस्तक एवढं वाईट आहे का? शनिवारी मी ते पुस्तक मालकांच्या टेबलावर आपटलं.

"एकाहत्तराव्या पानावर गोल काढतात ते गृहस्थ आजारी आहेत का?"

"हळू. बांधणी नवी आहे." मालकांनी चष्मा काढला. "आता ते सभासद नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. डिपॉझिट घेऊन गेले. अहो, तुमच्याच कोपऱ्यावरून बस न्यायचे ना हिंजवडीला? ते."

मी काहीतरी विचारलं असणार, कारण ते पुढे सांगत राहिले. दहावीनंतर शाळा सुटलेली. सकाळी माणसं हिंजवडीत सोडली की संध्याकाळपर्यंत गाडी उभी, मग गाडीत बसून वाचायचं, मांडीवर डिक्शनरी. कुणा बाईने तक्रार केली. ठेकेदाराने हिशेब केला आणि काढलं. बहिणीकडे गेले सोलापूरला, तिकडे ट्रॅक्टर चालवायला.

"पुस्तक तरी पूर्ण करून जा म्हटलं. तर म्हणाले, नको, रांगेत दुसरं कुणी असेल."

रांगेत मी होते.

सोमवारी मी वाहतूक विभागात जाऊन उभी राहिले. तक्रार मागे घ्यायची आहे म्हणाले. समोरच्या पोराने कीबोर्ड बडवला. "मॅडम, तुमचं तक्रारीचं तिकीट रिझॉल्व्ह होऊन क्लोज झालंय. नवीन ओपन करू का?" ठेकेदाराचा फोन मिळवला. त्याच्याकडे असे चाळीस ड्रायव्हर येऊन गेले होते आणि त्याला चेहरासुद्धा आठवत नव्हता. मग मला मात्र आठवावा ना? तीन वर्षं मी रोज दोनदा त्याच्या पाठीमागे बसले, त्याने निवडलेली पुस्तकं मांडीवर घेऊन. आरशातून त्याला ती दिसत असणार. मला हसणारे ते चौघे निदान माझ्याकडे बघून तरी हसले होते. मी याच्याकडे पाहिलंच नव्हतं. इंग्रजी वाचणारा माणूस झब्ब्यातच असतो, हे मराठी शाळेतून आलेल्या मला कुणी शिकवलं?

त्या लेखकाने पुढे चौथा भागही काढला, चार वर्षांनी. उशीर केला म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले. मी पडले नाही. त्याने फक्त उशीर केला होता.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी लायब्ररीतून निघताना मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, सहज, रजिस्टरमध्ये खाडाखोड करता करता.

"ती तक्रार ठेकेदाराने दाखवली होती त्यांना सही करायला. मी म्हटलं, फार लागलं असेल मनाला. तर म्हणाले, तसं नाही, एकच शब्द जड होता, पण त्याचा अर्थ ठाऊक होता." मालकांनी पान उलटलं. "आणि म्हणाले, इंग्रजी मात्र चांगलं होतं हो बाईंचं."