लाईन आली की माणूस वर

हल्ली माझ्या वयाची माणसं जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की विरघळतात. कोणाला ती टिंगटिंग ट्यून आठवते, कोणाला कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारणं. फुंकर मीही मारली आहे. पण आमच्या घुग्घुसकडे फुंकर मारली की कॅसेटमधून कोळशाची भुकटी उडायची आणि थेट तोंडात यायची. मला त्या आठवणीत गोड असं काही सापडत नाही, आणि दुसऱ्यांना ते सापडतं याचा रागही येतो.

बाबा जमिनीखालच्या खाणीत होते. पोंभुर्ण्याकडच्या धानाच्या गावातून आलेला माणूस, पण खाणीत मुरला होता. त्यांचं काम छताचं. कोळसा काढलेल्या जागी टेकू लावायचे आणि लांब लोखंडी सळईने वरचं छत ठोकून पाहायचं. आवाज भरीव आला तर काम सुरू. पोकळ आला तर पळा. ही सवय त्यांच्या हाताला इतकी लागली होती की घरीही ते दार ठोकत, माठ ठोकत, परीक्षेचा निकाल लागला की माझं डोकं ठोकून पाहत आणि म्हणत, "भरीव हाये. चिंता नाई."

एका दसऱ्याला ते चंद्रपूरहून एक खोकं घेऊन आले. आत टीव्हीला जोडायचा कीबोर्ड होता आणि एक कॅसेट. दुकानदाराने कॉम्प्युटर म्हणून गळ्यात मारला होता. आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, पण तिला कायम कुलूप. म्हणून बाबा क्वार्टरच्या सगळ्या ओळीत सांगत फिरले, "माही पोरगी घरीच कॉम्प्युटर शिकन." कॉम्प्युटर कसला डोंबलाचा! कॅसेटमध्ये नुसते खेळ होते, आणि त्यातला एकच मला धड खेळता यायचा.

त्या खेळात एक बुटका माणूस होता. सुरुवातीला तो हिरव्या जमिनीवर उभा असायचा. खाली जायची कळ दाबली की जमीन खणत उतरायचा. माती खणली की वरचे दगड सुटायचे. चुकलं की दगड डोक्यावर, माणूस चपटा. बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि मांडी ठोकून हसले.

"टोपी नाई, दिवा नाई, टेकू नाई. हा कोणाच्या भरोशावर उतरून राह्यला?" मग थोडं पुढे सरकून म्हणाले, "अन् छत काऊन नाई ठोकत हा? ठोक म्हणा ना त्याले."

"बाबा, ठोकायची कळच नाही."

"मंग हा मरते," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

आई हसली नाही. आमच्याकडे बाबा पाळीवर गेले की ते परत येईपर्यंत घर झाडत नसत. त्यांनी निघताना "जातो" म्हणायचं नाही, मागून कोणी हाक मारायची नाही. ओळीतल्या सगळ्याच बायका हे पाळत, त्यात नवल नव्हतं. पण आईने एक दिवस बाबा पाळीवर असताना पडद्यावरचा माणूस दगडाखाली जाताना पाहिला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून नवा नियम. बाबा खाली असताना खेळायचं असेल तर त्या माणसाला वर आणल्याशिवाय बंद करायचं नाही. मी चिडायचे, पण भाजी चिरता चिरता तिचं अर्धं लक्ष टीव्हीकडेच असायचं.

मधेच लाईन जायची, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागायचा. माणूस खाली, घरात अंधार. ती जेवायची नाही. लाईन आली की मला कीबोर्ड लावायला लावायची. खेळ अर्थातच पहिल्यापासून सुरू व्हायचा, माणूस हिरव्या जमिनीवर उभा. मग कुठे ती ताट वाढून घ्यायची. "आला बाई वर." मी तिला किती वेळा समजावलं की आई, तो आला नाही, खेळ नव्याने लागला. तिने ऐकून घेतलं आणि काही मनावर घेतलं नाही. बाबाही रोज येतच होते, त्यामुळे तिचं खरं ठरत होतं.

मग ती दुपार. शाळेला सुट्टी होती, बाबा पाळीवर होते. माणूस बराच खाली गेला होता आणि लाईन गेली. थोड्या वेळाने खाणीचा भोंगा वाजला. पाळी सुटायची वेळ नव्हती.

ओळीतली सगळी दारं उघडली. बायका चपला न घालता धावत सुटल्या. आई मात्र काळ्या टीव्हीसमोर बसून राहिली. "लाईन येऊ दे. त्याले वर येऊ दे, मंग जाऊ." मी तिचा हात ओढत होते, ओरडत होते. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला दंडाला धरून उठवलं. "चाल वो बाई, वेडी झाली का?"

खाणीच्या तोंडाशी बत्तीघर होतं. वर आलेला माणूस आपल्या टोपीचा दिवा तिथल्या खुंटीला टांगून घरी जायचा. एकेक जण वर येत होता, दिवा टांगत होता आणि आमच्याकडे न पाहता बाजूला होत होता. बाबांची खुंटी रिकामीच होती. आईने पाण्याचा घोटही घेतला नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा क्वार्टरांकडे दिवे लागले. आईने ते माझ्याआधी पाहिले. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जाऊन पाय, तो वर आला का."

मी गेले. धावत गेले. कीबोर्ड लावला. तो हिरव्या जमिनीवर उभा होता. काय खोटं सांगू, तेव्हा मलाही पटलं. मला समजत होतं की हा नुसता खेळ आहे, आणि तरी पटलं. परत येऊन मी आईला सांगितलं. तिने पहिल्यांदा काकूंच्या हातून पाणी घेतलं आणि म्हणाली, "बाबा येते आता."

थोड्याच वेळात बाबांना वर आणलं. अंगावर ब्लँकेट होतं, तोंडावरही.

त्यांच्या खाणीतल्या जोडीदाराच्या डोक्याला पट्टी होती. तो आईच्या पायाशी बसून एकच सांगत राहिला, "भाऊनं ठोकलं होतं वो बाई. दोनदा ठोकलं. आवाज भरीव होता."

तेरवी झाली, पाहुणे गेले. त्या दिवशी दुपारी आईने टीव्हीवरची खोळ काढली. कोळशाची धूळ बसू नये म्हणून तिनेच जुन्या लुगड्याची शिवली होती ती. मला म्हणाली, "लाव."

मी लावला. ट्यून वाजली. माणूस हिरव्या जमिनीवर उभा राहिला, जसा कायम राहायचा. आई कीबोर्डच्या जवळ येऊन बसली. तिने कळांना हात लावला नाही. ती त्याच्याकडे वाकली. मग त्याला विचारलं, शेजारच्याला विचारावं तसं, "तू काऊन आला वर?"

मी बंद करायला हात पुढे केला. तिने तो धरला. उठली आणि चालू टीव्हीवर खोळ घातली, कोपरे नीट ओढून घेतले. मग केरसुणी घेऊन घर झाडायला लागली. खोळीखाली ट्यून वाजतच होती, लाईन जाईपर्यंत.